गुळवेलीची यकृत-चाचणी: या चुका टाळा

उंदरांवरच्या चाचणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताची इजा दाखवणारं रक्तातलं एन्झाइम, वाढलं की दोष गुळवेलीला, उतरलं की श्रेयही तिलाच. तो आकडा बुरशीचा, द्रावकाचा किंवा रक्ताच्या नळीचाही असू शकतो, हे कुणी तपासत नाही.

आधी वेल नक्की करा. खऱ्या गुळवेलीचं, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाचं, खोड हिरवट, वरची साल कागदासारखी सुटणारी. तिच्याशी गल्लत होणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाचं करडं, चामखिळीसारख्या गाठींचं. पावडरीत हा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नमुना कांडीच्या रूपातच घ्या आणि त्याच वेलीची पानंफुलं दाबून, कागदावर चिकटवून ओळखीचा नमुना (हर्बेरियम शीट) ठेवा. गुळवेल सत्त्व म्हणजे मुख्यतः स्टार्च. अर्काचे निष्कर्ष त्याला लावू नका.

त्र्यंबक-हरसूलकडून जुलैत आलेली जाड कांडी बाहेरून कोरडी, आतून ओली असते. पोत्यात तशीच राहिली की बुरशी आलीच, आणि बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन बी1 हे स्वतःच यकृताचं विष! 2-3 सेंमीचे तुकडे करा, उभे चिरा, 40 अंशांवर सलग दोन वजनं सारखी येईपर्यंत वाळवा. काळे ठिपके दिसले तर तो लॉट बाद.

कडुलिंबावर चढलेल्या निंबगुळवेलीला मान मोठा. पण दिंडोरी-निफाडला तो कडुलिंब द्राक्षबागेच्या बांधावर असेल, तर बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातलं तांबं आणि फवाऱ्याचे अंश सोबत येऊ शकतात. जड धातूंच्या नेहमीच्या यादीत शिसं 10, आर्सेनिक 3, कॅडमियम 0.3 आणि पारा 1 पीपीएम इतकंच असतं; तांबं आणि कीटकनाशकांची तपासणी वेगळी मागावी लागते.

डोसचा हिशेब चिकट अर्कावर करू नका. 200 ग्रॅमच्या उंदराला 200 मिग्रॅ/किलोने 40 मिग्रॅ लागतो. अर्कात 12 टक्के पाणी उरलं असेल, तर पोटात 35 मिग्रॅच जातो.

सगळ्यात महागडी चूक द्रावकाची. या चाचणीत उंदराच्या यकृताला इजा करायला पॅरासिटामॉल देतात. अर्क विरघळत नाही म्हणून डीएमएसओ हा द्रावक वापरतात, पण पॅरासिटामॉलचं विषारी रूप बनवणारं सीवायपी2ई1 हे एन्झाइम डीएमएसओ रोखतं. यकृत वाचतं ते त्यामुळे, नाव होतं गुळवेलीचं. अर्क 0.5 टक्के सीएमसीत (सेल्युलोजपासून बनलेल्या, पाणी दाट करणाऱ्या पदार्थात) घोटून द्या आणि फक्त सीएमसी दिलेला गट ठेवाच. अर्क स्वतःही हे एन्झाइम रोखू शकतो, म्हणून पॅरासिटामॉलनंतर अर्क दिलेला एक गटही हवा. प्राण्यांवरचं काम अर्थातच संस्थेच्या नैतिक समितीच्या मंजुरीनंतरच.

2000 मिग्रॅ/किलोला उंदीर 14 दिवस तगला म्हणून ‘सुरक्षित’ लिहू नका. ती तीव्र विषाक्ततेची चाचणी. रोजच्या सेवनासाठी 28 किंवा 90 दिवसांची लागते. माणसांत प्रतिकारशक्ती बिघडून होणारा हिपॅटायटिस निरोगी उंदरात बहुधा दिसतच नाही.

सीरम गुलाबी दिसलं तर एसजीओटी हे यकृताचं दुसरं एन्झाइम मोजू नका, फुटलेल्या लाल पेशींतूनही ते येतं. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमचा आकडा खोटा उतरवतं. साधी नळी घ्या, अर्धा तास ठेवा, मग सेंट्रिफ्यूज करा.

यकृताचे 5 मिमीहून पातळ काप लगेच दहापट 10 टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये टाका. अख्खा लोब बुडवला तर आतला भाग फॉर्मेलिन पोचायच्या आतच बिघडतो, आणि तिथल्या पेशी विषाने मेल्या की उशिराने, हे स्लाइडवरून ठरवणं अवघड जातं. स्लाइडवर गटाचं नाव नको, फक्त क्रमांक.