बुद्धिबळ स्पर्धा फॉलो कशा करायच्या आणि लहानपणीचा प्रतिस्पर्धी कसा शोधायचा

आधी एक खेळाडू धरा, स्पर्धा नंतर. शाळेत असताना बुद्धिबळ खेळलेली कितीतरी माणसं माझ्या ओळखीत आहेत, आता त्यांना परत बघावंसं वाटतं, मग एकदम दहा डावांचे पट उघडतात आणि अर्ध्या तासात कंटाळतात. दहा डाव बघता येत नाहीत हो, एकच येतो आणि तोही आपल्या कुणाचा तरी असायला लागतो. लहानपणी आपला डाव संपला की हॉलमध्ये फिरत फिरत ज्याच्याशी खुन्नस आहे त्याच्याच पटामागे जाऊन उभं राहायचो ना, तसंच बघायचं.

२०२५ चा महिला वर्ल्डकप मी असाच बघितला. जॉर्जियात, बटुमीला होता. नागपूरची दिव्या देशमुख धरली आणि शेवटपर्यंत तिलाच धरून बसलो, पंधरावं सीडिंग होतं तिचं, म्हणजे रेटिंगनुसार स्पर्धेतला पंधरावा नंबर. नॉकआउट स्पर्धा, हरला की बाहेर, नवीन माणसाला सगळ्यात सोपी, दोन दिवस दोन क्लासिकल म्हणजे लांब वेळेचे डाव आणि बरोबरी झाली तर तिसऱ्या दिवशी टायब्रेक, म्हणजे कमी वेळेचे निर्णायक डाव. तिने झू जिनेरला काढलं, मग आपल्याच हरिकाला, मग तान झोंगयीला, आणि फायनलला समोर कोनेरू हम्पी, जी ग्रँडमास्टर झाली २००२ ला म्हणजे दिव्याच्या जन्माच्या आधी. दोन्ही क्लासिकल बरोबरीत, २८ जुलैला टायब्रेक, पहिला रॅपिड म्हणजे जलद डाव पण बरोबरीत आणि दुसऱ्यात दिव्याकडे काळी असताना तिने तो काढला. ग्रँडमास्टर व्हायला एरवी मोठ्या स्पर्धांत ठराविक कामगिरी करून जीएम नॉर्म मिळवावे लागतात, तिच्याकडे एकही नसताना थेट ग्रँडमास्टर! मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

खेळाडू ठरला की त्याच्या मागे जा. दिव्या २०१४ ला डर्बनमध्ये दहा वर्षांखालच्या मुलींची वर्ल्ड चॅम्पियन झाली होती, २०२४ ला गांधीनगरला वर्ल्ड ज्युनियर ११ पैकी १० गुणांनी जिंकली. अशा वयोगटांच्या जुन्या याद्या उघडा आणि दुसऱ्या तिसऱ्या नंबरवर कोण होतं ते बघा, त्यातली किती नावं आज समोरासमोर बसतात आणि किती गायब झाली. मला तर मोठ्या स्पर्धेच्या निकालापेक्षा या याद्यांमध्येच जास्त वेळ जातो.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर ब्रॉडकास्ट फुकट असतं, तिथे पट, घड्याळ, पेअरिंग म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते, सगळं दिसतं. राउंडची वेळ आपल्या वेळेत बदलून लिहून ठेवा, बटुमी आपल्या दीड तास मागे म्हणून सोयीचं होतं, पण २०२४ ची टोरांटोची कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, आपल्याकडे रात्री १२ ला सुरू व्हायची, आणि नाशिकच्या विदित गुजराथीने त्यात अमेरिकेच्या नाकामुराला दोन्ही वेळा हरवलं ते बघायला जागावंच लागलं. चाली कधी कधी मुद्दाम १५ मिनिटं उशिरा दाखवतात, चीटिंग होऊ नये म्हणून, तेव्हा पट अडकलाय असं समजून बंद करू नका.

आणि इंजिन बंद करा, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर. हे मी हात जोडून सांगतो. कोण जिंकतंय ते दाखवणारा त्याचा तो बाजूचा पट्टा चालू असला की आपण पट बघतच नाही, पट्टा बघतो. गुकेश आणि चीनच्या डिंगच्या सिंगापूरच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला चौदावा डाव आठवा, १२ डिसेंबर २०२४, गुकेशकडे दोन प्यादी आणि डिंगकडे एक, बाकी दोघांकडे एक हत्ती एक उंट, बरोबरी होणार असंच सगळे म्हणत होते. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ या घरावर आणला. पट्टा बघणाऱ्याला कळलं की चूक झाली, पण का ते कळायला पट बघायला लागतो, डिंगचा उंट पार ए८ च्या कोपऱ्यात, गुकेशने हत्ती मारामारी केली आणि उंट डी५ ला ठेवला, आता उंट पण निघणार आणि उरणार नुसते राजे आणि प्यादी, ते जिंकलेलंच. स्वतः दोन मिनिटं विचार करून चाल ओळखायची, चुकली तरी चालेल, डाव संपल्यावर इंजिन लावा.

लहान मुलांच्या किंवा जिल्ह्याच्या स्पर्धांना लाइव्ह पट असलेच तर वरच्या काही टेबलांचे. बाकीच्यांसाठी चेस-रिझल्ट्स ही निकालांची वेबसाइट. स्पर्धेचं नाव टाका, राउंड निवडा, मग खेळाडूच्या नावावर क्लिक केलं की तो कुणाशी खेळला, पांढरी होती का काळी, सगळं येतं.

प्रतिस्पर्धी शोधायची सुरुवातही इथूनच. माझा प्रतिस्पर्धी कोल्हापूरचा. सुट्टीत सांगलीला स्पर्धा असायच्या तिथे आमची गाठ दरवर्षी पडायची, भिंतीवर पेअरिंगचा कागद लागला की मी आधी त्याचं नाव शोधायचो मग माझं. डाव सुरू व्हायच्या आधी तो आपले दोन्ही घोडे आतल्या बाजूला तोंड करून ठेवायचा, मग माझ्याकडे बघून हात पुढे करायचा.

शोधताना आधी फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, रेटिंग साइटवर नाव टाका, स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून बघा आणि जन्मवर्षावरून खात्री करा, तिथे रेटिंगचा आलेख पण असतो. पण नव्वदच्या दशकात पुरुषांना दोन हजाराखाली फिडे रेटिंगच नसायचं, त्यामुळे आमच्यासारखी बहुतेक पोरं त्या जुन्या याद्यांत नाहीतच, माणूस नंतर परत खेळला असेल तरच सापडतो. माझा तसाच सापडला, चाळिशीनंतर एका ओपन म्हणजे खुल्या स्पर्धेत खेळलेला. फोन नंबर खणत बसू नका, ओळखीच्या कोचकडून निरोप पाठवा आणि समोरच्याला वाटलं तर तो बोलेल.

जुन्या स्कोअरशीट म्हणजे चाली लिहिलेले कागद असतील तर आजच फोटो काढा, कार्बन कॉपीची शाई उडते. मग लिचेसच्या स्टडीत, म्हणजे डाव टिपांसह साठवायच्या पानावर, डाव भरा. आमचा एक हत्तीचा शेवट, म्हणजे हत्ती आणि प्यादं उरलेला, मी भरला (रांगा पांढऱ्याच्या बाजूने मोजायच्या), त्याचं इ प्यादं पाचव्या रांगेत, माझ्याकडे काळी. माझा हत्ती सहाव्या रांगेत होता, तिथेच थांबून प्यादं पुढे आल्यावर खाली पहिल्या रांगेत जाऊन मागून शह देत राहायचं, सरळ बरोबरी. मी तो घाबरून आठव्या रांगेत राजाजवळ नेला आणि हरलो, आणि तेव्हा सगळ्यांना सांगितलं की डाव गेलेलाच होता. आता त्या चालीखाली लिहून ठेवलंय काय करायला हवं होतं ते.

ती स्टडी मी त्याला पाठवली. त्याने दुसऱ्या दिवशी त्याच्याकडची शीट पाठवली, कडेला पेन्सिलने माझं नाव आणि खाली दोन रेघा. आता आमचा लिचेसवर करस्पॉन्डन्स डाव चालू आहे, एका चालीला तीन दिवस. अठरावी चाल माझी आहे आणि त्याचा घोडा एफ५ ला बसलाय.