जावा फर्न घरी आणण्याआधी

आधी दगड शोधा, रोप नंतर. जावा फर्न हे माशांच्या टँकमध्ये लावायचं रोप खड्यांत पुरायचं नसतं, कशाला तरी बांधायचं असतं. आधार तयार नसताना रोप आणलं की घाईघाईत ते ग्रॅव्हलमध्ये खोचलं जातं आणि तिथेच कुजतं. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट उत्तम. मुठीएवढा, खडबडीत, एखादी खाच असलेला तुकडा घ्या, ब्रशने घासून धुवा आणि सुकल्यावर वर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फेस आला तर त्यात चुना आहे. तो दगड बागेत जाऊ दे. लाकडावर लावायचं असेल तर लाकूड आठवडाभर बादलीत बुडवून रोज पाणी बदला. चहाच्या रंगाचं पाणी सुटतं, त्याने माशांना काही होत नाही, पण टँक कळकट दिसतो.

बाकी सामान थोडकं: काळा सुती दोरा, धारदार छोटी कात्री, एक बादली. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जायला पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवा, नाहीतर अँटीक्लोरीन टाका. २२ ते २८ अंश सेल्सिअस या रोपाला मानवतं. साधा एलईडी दिवा रोज सहा-सात तास पुरे. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि खताची माती दुकानदार सुचवेलच, हसून नाही म्हणा. खिडकीतलं थेट ऊन मात्र नको, रोपाआधी शेवाळं माजेल.

दुकानात पानांवर भुलू नका, खोड बघा. पानांच्या बुडाशी हिरवट-तपकिरी आडवं खोड असतं, ते कडक लागलं पाहिजे. मऊ लागलं तर रोप परत ठेवा. पानामागे ओळीने तपकिरी ठिपके असले तर तो रोग नव्हे. हा नेचाच आहे, ते त्याचे बीजाणूंचे पुंजके.

घरी आल्यावर कुंडी काढा, मुळांत अडकलेली रॉकवूल (कुंडीत मातीऐवजी भरलेली दगडी लोकर) चिमटीने सोडवा. हे काम किचकट आहे, पाण्याखाली धरून केलं तर मुळं कमी तुटतात. गोगलगायींची अंडी पानामागे चिकट, पारदर्शक पुंजक्यात असतात, ती खरवडून काढा. मग पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून धुवा. खोड दगडावर आडवं ठेवून पानांच्या मधून दोऱ्याचे दोन-तीन वेढे घ्या, करकचून नको. दोरा कुजेपर्यंत मुळांनी दगड धरलेला असतो.

सुरुवातीला काही जुनी पानं काळपट पडतील, ती देठापासून कापा. वाढ सावकाश असते, उपटून बघू नका. गोल्डफिश असतील तरी हरकत नाही, ही पानं ते सहसा खात नाहीत. पुढे पानांच्या टोकांना इवली रोपं फुटतील. तीन-चार पानांची झाली की खुडून दुसऱ्या दगडाला बांधा.