सॉफ्टबॉलमध्ये झेल कधी पूर्ण होतो? नव्या अंपायर्ससाठी माझा अनुभव

झेलाची व्याख्या पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, यात काय अवघड, बॉल हातात आला की आऊट. आणि पहिल्याच मॅचला लेफ्ट फिल्डरने पुढे झेप घेतली, बॉल ग्लोव्हमध्ये गेलेला मला स्वच्छ दिसला, मी लगेच आऊटची मूठ वर केली, तेवढ्यात ती फिल्डर जमिनीवर आपटली, कोपर टेकलं आणि बॉल ग्लोव्हमधून निसटून गवतावर घरंगळला. थर्ड बेसवरची रनर माझा हात बघून जागीच थांबलेली. निर्णय बदलावा लागला, दोन्ही टीम चिडल्या आणि त्यांचं बरोबरच होतं.

तेव्हापासून मूठ उशिरा वर जाते. कारण बॉल ग्लोव्हला लागला म्हणजे झेल नव्हे, बॉलवर ताबा हवा आणि सोडला तर तो स्वतःहून सोडलेला हवा. पकडल्या पकडल्या पडून, किंवा कुंपणावर नाहीतर दुसऱ्या खेळाडूवर आदळून सुटला तर झेल नाही. पण ताबा मिळाल्यावर थ्रोसाठी बॉल काढताना हातातून पडला तर बॅटर आऊटच! दिसायला दोन्ही सारखंच, बॉल शेवटी जमिनीवरच असतो, म्हणून मी मोकळ्या हाताकडे बघते, तो ग्लोव्हमध्ये जाऊन बॉल बाहेर काढायला लागला की ताबा होता असं समजते. किती सेकंद धरायचा असं सगळे विचारतात, नियमात सेकंद दिलेलेच नाहीत.

क्रिकेटची सवय असेल तर अजून एक जपा. तिथे बॉल छातीशी कवटाळला किंवा कपड्यांत अडकला तरी झेल धरतात, इथे तो हातात किंवा ग्लोव्हमध्ये येईपर्यंत झेल पूर्ण नाही. टोपीत झेलला तर नाहीच नाही. एका फिल्डरला लागून उडालेला बॉल दुसरीने वरच्यावर पकडला तर चालतो, मध्ये अंपायरला लागला तर मात्र जमिनीला लागल्यासारखाच.

आणि रनर. झेल पूर्ण व्हायची वाट तिने बघायची नसते, फिल्डरचा पहिला स्पर्श झाला की बेस सोडता येतो. एकदा सेंटर फिल्डरच्या ग्लोव्हवर बॉल दोनदा उडाला आणि मग पकडला गेला, रनर पहिल्या स्पर्शालाच सुटली होती. "आधी निघाली, आधी निघाली" म्हणून कोच ओरडत होते, पण मी तो पहिला स्पर्श बघितला होता. रनर सेफ दिली.