‘गोळीबार झालाच नाही’ म्हणणारा व्हिडिओ कसा तपासावा

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की काही दिवसांतच ‘हे सगळं नाटक आहे, रडणारे आईबाप पगारी नट आहेत’ असे व्हिडिओ निघतात. त्यात वीस-पंचवीस ‘पुरावे’ भराभर दाखवतात. सगळ्यांच्या मागे लागू नका. व्हिडिओ थांबवा, एक दावा एका वाक्यात कागदावर लिहा आणि तेवढ्याचाच माग काढा.

सर्वांत जास्त फसवतात त्या तारखा. कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाउन गावी सँडी हूक शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. श्रद्धांजलीची पानं त्याआधीच तयार होती, असं ‘सिद्ध’ करणारे गूगलचे स्क्रीनशॉट नंतर फिरत राहिले. गूगलवर निकालाशेजारी दिसणारी तारीख हा यंत्राचा अंदाज असतो. जुन्या पानावर नवा मजकूर टाकला तरी जुनीच तारीख दिसू शकते. जुन्या फेसबुक पेजचं नाव बदलून ते श्रद्धांजलीचं केलं तरी ते सुरू केल्याची तारीख बदलत नाही. पेजवरचा ‘पेज ट्रान्सपरन्सी’ हा भाग उघडला की नाव कधी बदललं ते कळतं. मग घड्याळ बघा. हल्ला तिथल्या सकाळी साडेनऊनंतर झाला. तेव्हा कॅलिफोर्नियात साडेसहा आणि भारतात रात्रीचे आठ वाजले होते. पोस्टवरची वेळ कुठली, हे ठरवल्याशिवाय ‘आधीच टाकलं होतं’ या म्हणण्याला काही अर्थ नाही.

सरकारी तक्त्याचा दावा जास्त पटतो, कारण आकडा खरा असतो. उदाहरणार्थ, ‘एफबीआयच्या (अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या) नोंदीत २०१२ साली न्यूटाउनमध्ये खून शून्य.’ गावाच्या ओळीत शून्यच आहे. पण तपास राज्य पोलिसांनी केला, म्हणून खून त्यांच्या नावावर नोंदले गेले. राज्य यंत्रणांचा वेगळा तक्ता काढला की तिथे २७ दिसतात: शाळेतले २६ आणि हल्लेखोराची आई, जिला त्याने आधी घरीच मारलं होतं. म्हणून कुठल्याही तक्त्यात ओळ वाचण्याआधी शीर्षक आणि तळटीप वाचा, आकडा कोणी कळवला ते शोधा.

‘दुसरा बंदूकधारी’ बहुतेक वेळा आवाजातून जन्मतो. लास व्हेगासला १ ऑक्टोबर २०१७ रोजी हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरून खाली संगीत कार्यक्रमावर गोळ्या झाडल्या गेल्या. रायफलची गोळी आवाजाहून वेगाने जाते, त्यामुळे आधी तिचा कडाका ऐकू येतो, मग बंदुकीचा बार, आणि त्यावर इमारतींचे प्रतिध्वनी. ४०० मीटरवर बार पोहोचायला सेकंदाहून जास्त लागतो. एकाच बंदुकीच्या दोन वाटतात त्या अशा. पोलिसांच्या वायरलेसवरचं पहिल्या तासांचं बोलणंही पुरावा धरू नका. तिथे ऐकीव खबरही बोलली जाते. अंतिम अहवाल वाचा.

‘हीच बाई तीन घटनांत’ असं असेल तर चेहऱ्यापुरता भाग कापून गूगल लेन्स आणि यांडेक्स या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या दोन्ही साधनांत टाका. सर्वांत जुनी प्रत काढा, तिथल्या मोठ्या फोटोत कान आणि भुवया ताडून बघा. धूसर चौकटीत कुणीही कुणासारखं दिसतं. कधी क्लिप अस्सलही असते. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेवर २०१८ साली झालेल्या हल्ल्यातून वाचलेल्या एका मुलाला नट ठरवलं गेलं, ते कॅलिफोर्नियातल्या टीव्ही बातमीत तो आदल्या वर्षी दिसला होता म्हणून. तो आधी तिकडेच राहायचा.

खोडून काढतानासुद्धा मूळ लिंक पुढे पाठवू नका. स्क्रीनशॉटवर आडवं ‘खोटं’ लिहा आणि मृतांची व नातेवाइकांची नावं, पत्ते, फोटो पुसा. सँडी हूकच्या पालकांना या व्हिडिओंपायी ठार मारण्याच्या धमक्या आल्या, घरं बदलावी लागली. आपल्या कार्यक्रमातून हल्ला बनाव असल्याचं सांगत राहिलेल्या अमेरिकी निवेदक ॲलेक्स जोन्सने ९६ कोटी ५० लाख डॉलर भरपाई द्यावी, असा निकाल कनेक्टिकटच्या ज्यूरीने २०२२ साली दिला.

व्हिडिओ पाठवणारे काका-मामा असतील तर ग्रुपवर वाद घालू नका. चारचौघांत चूक दाखवली की माणूस अडून बसतो. त्यांना वेगळा मेसेज करा: एकच दावा, त्याचा एकच मूळ कागद, आणि त्यातली नेमकी ओळ.