गिलाव्याआधी भिंतींचे फोटो काढा

गिलावा झाला की भिंतीतून वायर-पाइप कुठून गेलेत ते कुणालाच आठवत नाही, आणि पुढे शेल्फ लावताना ड्रिल नेमकं पाइपात घुसतं.

घराचं काम बघायला आम्ही दोघं दर रविवारी जातो. पाइप टाकून झाले की आधी भिंतीवर खडूने ‘स्वयंपाकघर, पूर्व’ असं लिहायचं. नंतर फोटोत सगळ्या भिंती सारख्याच दिसतात. मग एकाने टेप धरायचा, एकदा जमिनीपासून, एकदा कोपऱ्यापासून. दुसऱ्याने अगदी समोरून फोटो घ्यायचा, टेपवरचे आकडे वाचता येतील असा. बाथरूमचे जास्तच घ्या.

एक लक्षात ठेवा: तेव्हा फरशी बसलेली नसते. फरशी आणि तिच्याखालच्या सिमेंट-वाळूच्या मालाची जाडी उंचीतून नंतर वजा करा.