जुन्या लॅपटॉपची ग्राफिक्स चिप गेली? हीट मारून घेण्याआधी हे तपासा

पडद्यावर उभ्या रंगीत पट्ट्या. किंवा विंडोज सुरू होता होता काळोख. किंवा पंखा फिरतोय, दिवा लागलाय, स्क्रीन मात्र कोरी. सात-आठ वर्षं वापरलेल्या लॅपटॉपला यातलं काही झालं की दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं, "चिप गेली, हीट मारून देतो." पडद्यावरचं चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप गेलेली असूही शकते. पण हीट मारणं, म्हणजे चिपवर गरम हवा सोडणं, ही दुरुस्ती नाही, आणि दोष कधी कधी दुसरीकडेच असतो. तेव्हा खिशात हात घालण्याआधी तपास करा.

१. आधी डेटा बाहेर काढा

हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढून यूएसबी केसमध्ये घाला, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि सगळं उतरवून घ्या. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डेटा-कुलूप) लावलेलं असेल तर रिकव्हरी की आधी शोधून ठेवा. मदरबोर्ड बदलावा लागला तर तिच्याशिवाय फायली उघडत नाहीत.

२. चिपच गेली आहे का?

चार्जर आणि बॅटरी काढा. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच पुसा आणि एकेक पट्टी लावून, चार्जर जोडून लॅपटॉप चालू करून बघा. बिघडलेली रॅम ग्राफिक्स चिपची हुबेहूब नक्कल करते. मग झाकण हळूहळू पुढे-मागे करा. पट्ट्या त्याबरोबर बदलत असतील तर बिजागरातून जाणारी डिस्प्ले केबल तुटत आलेली आहे. तो किरकोळ खर्च.

आता बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडा. त्यावरही तेच चट्टे दिसले तर संशय चिपवर किंवा तिच्या शेजारच्या व्हिडिओ मेमरीवर. बाहेर चित्र स्वच्छ आलं तर पॅनेल किंवा केबल तपासा. मात्र इथे एक गोम आहे. साधारण २०१० नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं आणि एक स्वतंत्र. एचडीएमआयची तार पुष्कळदा प्रोसेसरवाल्यालाच जोडलेली असते. अशा लॅपटॉपमध्ये बाहेरचं चित्र चांगलं आलं म्हणून स्वतंत्र चिप ठणठणीत आहे असं समजू नका. तिथे विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्या चिपपुढे पिवळं चिन्ह आणि 'कोड ४३' दिसत असेल, आणि ड्रायव्हर काढल्यावर लॅपटॉप सुरळीत चालत असेल, तर निदान बरंचसं पक्कं झालं.

मल्टिमीटर वापरता येत असेल त्यांच्यासाठी: पूर्ण वीज तोडून चिपजवळच्या मोठ्या कॉइलचा ग्राउंडशी रोध मोजा. कोअरच्या कॉइलवर एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आकडा येणं नॉर्मल आहे. मीटर 'पीं' वाजला म्हणून शॉर्ट ठरवू नका. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून तारांचा स्वतःचा रोध बघा आणि तो वजा करा.

३. हीट मारल्यावर चालू का होते, आणि पुन्हा का जाते?

ग्राफिक्स चिपखाली सोल्डरचे दोन मजले असतात. खालचा मजला म्हणजे हिरव्या तळपट्टीला मदरबोर्डशी जोडणारे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे गोळे. वरचा मजला त्याहून खूप बारीक बिंदूंचा. तो मधल्या चकचकीत सिलिकॉनच्या तुकड्याला तळपट्टीशी जोडतो. चिप तापली की सिलिकॉन आणि तळपट्टी वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, थंड झाली की आकसतात. हजारो वेळा असं झालं की वरच्या मजल्यातले बिंदू तडकतात. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियाने अशाच कमकुवत चिप-पॅकेजच्या वॉरंटी खर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. २०११ च्या १५ आणि १७ इंची मॅकबुक प्रोमधल्या एएमडी चिपसाठी अॅपलने २०१५ मध्ये मोफत दुरुस्ती जाहीर केली. ती मुदत केव्हाच संपली.

हॉट एअर मारली की सगळं फुगतं आणि तडकलेल्या बिंदूंची टोकं तात्पुरती एकमेकांना टेकतात. चित्र येतं, गिऱ्हाईक खूश. मग काही दिवसांनी, फार तर काही महिन्यांनी, पुन्हा तेच. रिबॉलिंगमध्ये खालच्या मजल्याचे गोळे बदलतात, वरची तडक तशीच राहते. म्हणून तीच जुनी चिप रिबॉल करून घेण्यातही अर्थ नाही. घरच्या ओव्हनमध्ये बोर्ड भाजायचे व्हिडिओ तर सोडूनच द्या. कनेक्टरचं प्लास्टिक वितळतं आणि ज्या ओव्हनमध्ये जेवण करायचं त्यात नको तो धूर भरतो.

४. उघडा आणि साफ करा

हे काम घरी होतं, आणि सोलापुरात ते करायलाच हवं. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला यंत्रमागाजवळ चालणारा लॅपटॉप उघडला की पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये सुताच्या तंतूंचा घट्ट थर सापडतो. चिमट्याने ओढला तर नमद्याच्या तुकड्यासारखा अखंड निघतो. पंखा फिरत असतो, पण हवा बाहेर पडत नाही. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, म्हणजे आत जाणारी हवाच तापलेली.

कुठला स्क्रू कुठला हे लक्षात राहावं म्हणून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून स्क्रू त्या-त्या जागी टेपने चिकटवा. बॅटरीचा कनेक्टर सर्वांत आधी सोडवा. हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून नेणाऱ्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. उलट्या क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा सैल करा. एकच बाजू मोकळी केली तर सिलिकॉनचा कोपरा उडतो, आणि मग खरंच चिप जाते. ब्रश किंवा ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

चिप आणि हीटसिंकमधली जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढी पुरते. मेमरीवरचे मऊ पॅड फाटले असतील तर जाडी मोजून तेवढ्याच जाडीचे आणा. अर्धा, एक आणि दीड मिलिमीटर अशा जाड्या मिळतात. पॅड जास्त जाड झाला की हीटसिंक चिपवरून उचलला जातो. फट भरायला रुपयाचं नाणं घालण्याचा सल्ला ऐकाल. रुपयाची नाणी स्टेनलेस स्टीलची. तांब्याच्या मानाने ती उष्णता फारच कमी नेतात. शिम, म्हणजे फट भरायची पातळ पट्टी, हवीच असेल तर तांब्याची घ्या.

५. चिप बंद करून काम भागतंय का बघा

टायपिंग, टॅली, ऑनलाइन अर्ज एवढंच काम असेल तर हा सगळ्यात शहाणा मार्ग. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर सेफ मोडमध्ये जा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्वतंत्र चिपवर राइट क्लिक करून ती डिसेबल करा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तसा पर्याय असेल तर तिथूनच बंद केलेली उत्तम. कोअर टू ड्युओच्या काळातल्या, वेगळी एनव्हिडिया चिप असलेल्या बहुतेक लॅपटॉपना ही पळवाट नाही. उलट डेल प्रिसिजनसारख्या काही जाडजूड वर्कस्टेशन लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचं कार्डच सुटं असतं. स्क्रू काढा, दुसरं कार्ड बसवा, झालं.

६. चिप बदलायचीच असेल तर

हे बीजीए मशीनचं, म्हणजे चिपखालचे गोळे वितळवून चिप काढणाऱ्या-बसवणाऱ्या यंत्राचं काम आहे, घरी होत नाही. सोलापुरात चिप-लेव्हलवाला (मदरबोर्डवरचे सुटे भाग बदलणारा कारागीर) मिळाला नाही तर बोर्ड पुण्याला पाठवावा लागेल. कुठेही दिला तरी काय व्हायला हवं ते माहीत असू द्या. बोर्ड आधी १०० ते ११० अंशांवर काही तास सुकवायचा, विशेषतः पावसाळ्यात. नाहीतर मुरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन बोर्डला आतून फुगे येतात. चिपच्या कोपऱ्यांचा गोंद आधी काढायचा. खालून बोर्ड १५० अंशांच्या पुढे तापवून मग वरून उष्णता द्यायची. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतो, शिसेवाला १८३ ला. गोळे वितळण्याआधी चिप उचलली तर बोर्डवरचे तांब्याचे ठिपके उपटून येतात. मग त्या बोर्डला वाली नाही. नवी चिप बसल्यावर बोर्ड आपोआप थंड होऊ द्यायचा, त्यावर पंखा लावायचा नाही.

चिपवरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. एनव्हिडियाच्या चिपवर चार आकड्यांचा तारीख-कोड असतो. १०२५ म्हणजे २०१० सालचा पंचविसावा आठवडा. 'नवी' म्हणून येणाऱ्या कित्येक चिपा दुसऱ्या बोर्डवरून काढून रिबॉल केलेल्या असतात. सिलिकॉनच्या कडा टवका उडालेल्या किंवा ओरखडलेल्या दिसल्या, तळपट्टीच्या कडेला जुन्या गोंदाचे कण दिसले, तर नको म्हणा. दुकानदाराला सरळ विचारा, "चिप बदलणार की हीट मारणार?" जुनी चिप परत मागा आणि किमान तीन महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. त्याच मॉडेलचा चालू सेकंडहँड लॅपटॉप जेवढ्याला मिळतो, त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त खर्च सांगितला तर विचार सोडा.

७. परत आल्यावर

दुकानातच अर्धा तास फरमार्क (ग्राफिक्स चिपवर पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) चालवा आणि तापमान बघत राहा. ८५ अंशांच्या आत राहिलं तर चांगलं. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा. त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा आपोआप वाढणारा वेग, बंद होतो आणि प्रोसेसर व चिप दोघांना मिळून एकच हीटसिंक असेल तर चिपलाही गारवा मिळतो. यंत्रमागाजवळ दर तीन महिन्यांनी जाळी साफ करा, इतरत्र सहा महिन्यांनी. सोलापुरी चादर पांघरायला झकास, पण लॅपटॉपखाली अंथरलीत तर हवा ओढायची भोकंच बंद होतात.

दुरुस्ती परवडणार नाही असं ठरलं तर रॅम, एसएसडी, चार्जर आणि चांगला पडदा काढून ठेवा, चिप-लेव्हलवाले हे सुटे भाग घेतात. बॅटरी मात्र भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. दाबली गेली की पेट घेते.