विकेंद्रित ऑनलाइन गट चालवताय? या चुका टाळा

नाशिकमध्ये ट्रेक, सायकल, पक्षीनिरीक्षण असल्या छंदाच्या गटांना तोटा नाही. मोठ्या कंपन्यांची ॲप सोडून मॅस्टोडॉनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या समाजमाध्यमावर, स्वतःचा सर्व्हर चालवावा, असं त्यातल्या काहींना वाटतं. मालक कोणी नाही, निर्णय सर्वानुमते. उत्तम. घोडं अडतं ते पहिली तक्रार आली की.

तक्रारीवर सगळ्यांचं मत मागवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समजा, एका सदस्येने लिहिलं, 'उद्या सकाळी सहाला नांदूर मध्यमेश्वर, चापडगावचा मनोरा.' दुसऱ्या सर्व्हरवरचे एक गृहस्थ तिच्या प्रत्येक पोस्टखाली हजर. कुठून निघणार, सोबत कोण, अशी चौकशी. ती ॲडमिनला सांगते. ॲडमिन पक्का लोकशाहीवादी, तो विषय थेट गटात टाकतो. मग सुरू: 'तो तसा नाही हो', 'दोन्ही बाजू ऐकू', 'स्क्रीनशॉट आहे का?' चार दिवस चर्चा चालते आणि ते गृहस्थही ती निवांत वाचत असतात. पाचव्या दिवशी ती गट सोडते. त्यानंतर सगळ्यांचं एकमत होतं.

सर्वानुमत नियम ठरवायला वापरा, तातडीच्या कारवाईला नको. 'आधी थांबवा, मग तपासा' हा अधिकार गटाने दोन-तीन जणांना, म्हणजे मॉडरेटरना, आधीच देऊन ठेवावा. मॅस्टोडॉनमध्ये निलंबित खात्याची माहिती 30 दिवस राखलेली असते. तेवढ्या मुदतीत निलंबन मागे घेता येतं. म्हणजे घाईत कोणावर अन्याय झालाच, तर तो निस्तरता येतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो मॉडरेटरचा दोस्त निघाला, तर त्या मॉडरेटरने बाजूला व्हायचं, हेही लिहूनच ठेवा. भिडेपोटी ऐनवेळी कोणी बोलत नाही.

तक्रारीत त्यालाच टॅग करणं

हे फार जणांना माहीत नसतं. मॅस्टोडॉनच्या खासगी संदेशात @ लावून कोणाचं नाव घातलं, की तो संदेश त्यालाही जातो. 'अमुक त्रास देतोय' असं ॲडमिनला कळवायला जावं आणि ते अमुकलाच कळावं! म्हणून नव्या सदस्यांना तक्रारीचं बटण दाखवून द्या. तक्रार पलीकडच्या सर्व्हरला पाठवली तर तक्रारदाराचं नाव तिकडे जात नाही, पण लिहिलेला मजकूर जातो. त्यात ओळख पटेल असं काही नको. शिवाय हे संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, दोन्हीकडचे सर्व्हर चालवणारे ते वाचू शकतात. फोन नंबर, पत्ता तिथे टाकूच नये.

गप्प म्हणजे कबूल

रात्री अकराला प्रस्ताव, सकाळी 'कोणाची हरकत नाही, मंजूर'. सातपूर-अंबडला सेकंड शिफ्ट करून आलेला सदस्य तेव्हा झोपलेला असतो. आठवडाभर तरी द्या. याच्या उलट, एकाच्या 'मला पटत नाही'पायी सगळं अडून बसणंही तितकंच वाईट. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये ढोबळ सहमतीची रीत आहे. 2014 च्या आरएफसी 7282 या त्यांच्या दस्तऐवजात ती सविस्तर मांडली आहे. हरकतीचा नीट विचार व्हायलाच हवा, ती मान्य झालीच पाहिजे असं नाही. आपल्या गटांनाही एवढंच झेपेल.

एकासाठी अख्खा सर्व्हर तोडणं

2019 मध्ये गॅब हे द्वेषाच्या मजकुरासाठी बदनाम असलेलं समाजमाध्यम मॅस्टोडॉनच्या कोडवर आलं, तेव्हा अनेक सर्व्हरनी त्याच्याशी संबंध तोडले. ते योग्यच होतं. पण सर्व्हर निलंबित केला की तिकडच्या सगळ्यांशी असलेले फॉलो तुटतात आणि बंदी उठवली तरी आपोआप परत येत नाहीत. आधी ते एक खातं बंद करा, तिथल्या ॲडमिनला कळवा. त्याने दादच दिली नाही, तर मग सर्व्हर.

किल्ल्या एकाकडे

डोमेन, सर्व्हरचं बिल, बॅकअप, प्रत्येकाला दोन माणसं. ॲडमिनला पुण्यात नोकरी लागली आणि डोमेनचे पैसे भरायचे राहिले, की नियमावलीसकट गट गायब.

धमकी, खंडणी किंवा फोटोंचा गैरवापर असेल तर गटात खल करत बसू नका. लिंक आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट खातं बंद करण्याआधी काढून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा नाशिकच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 फिरवा.